बीडचा ‘बीच’!

वीकेंडला पाणी बघायचं म्हणून दर वेळी अलिबागच्या बोटीच्या रांगेत कशाला उभं राहायचं? किनारा मराठवाड्यातही आहे. तेलगावहून सकाळी निघायचं, रात्री जेवायला परत. फक्त मासे गोड्या पाण्यातले आहेत, एवढंच!

आमच्या ऑफिसात एक ‘जपानवाली’ आहे. सहा महिने ऑनसाइट जाऊन आली, तेव्हापासून तिचं हेच नाव. तशी मुलगी गुणी. पण कॅन्टीनमध्ये पोह्यांची प्लेट समोर आली तरी हिला जपान आठवतं. डिसेंबरातला तिचा विषय होता गोनो लाइन. उत्तर जपानमधली एक छोटीशी रेल्वे. अकिता आणि आओमोरी या दोन प्रांतांतून समुद्राला खेटून जाते, सगळी मिळून लांबी १४७ किलोमीटर. एका अंगाला शिराकामीचे डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. तिथली ‘रिसॉर्ट शिराकामी’ नावाची गाडी सेन्जोजिकी स्टेशनात काही मिनिटं मुद्दाम थांबते. का? तर लोकांना खडकांवर जाऊन फोटो काढता यावेत म्हणून! (आपल्याकडे डेक्कन क्वीन अशी कुणी खंडाळ्यात थांबवून दाखवावी. डब्यात दंगल होईल.)

फोटो सुंदर होते. पण बघता बघता एक गोष्ट खटकली. समुद्र होता, लाकडी स्टेशनं होती, उतरत्या छपरांची घरं होती. माणसं नव्हती.

‘‘अगं, लोक कुठे आहेत?’’

‘‘गेले ना सगळे शहरात. म्हातारे तेवढे राहिलेत. कितीतरी घरांना कुलूप असतं. ‘आकिया’ म्हणतात त्याला, म्हणजे रिकामं घर.’’ मग तिने आकडाच टाकला. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये अशी रिकामी घरं ९० लाख निघाली. गावोगावच्या नगरपालिका ‘आकिया बँक’ चालवतात. कुणी येऊन राहणार असेल तर स्वस्तात घर. ‘‘बाय द वे, तुझं गाव कुठलं रे?’’

या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर आहे: ‘‘मराठवाडा.’’ आणि लगेच विषय बदलायचा. बीड म्हटलं की पुढचं वाक्य एक तर दुष्काळाचं असतं, नाहीतर टीव्हीवरच्या बातमीचं. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, ‘‘तेलगाव. बीड जिल्हा.’’

‘‘तिकडे पाणी असतं का?’’

विचारण्यात खोट नव्हती. पण लागलं. म्हटलं, ‘‘असतं की. समुद्र आहे आमच्याकडे.’’

एवढं बोलल्यावर दाखवणं भाग होतं. शिवाय मला तसंही गावाला जायचंच होतं. काकांचे महिन्यातले तीन फोन येऊन गेले होते. आजी गेल्यापासून आमच्या घराला कुलूप आहे, चौकाजवळची जागा आहे, एक व्यापारी चांगला भाव देतोय. काकांना माझी सही हवी होती. कागदांची फाइल मी लॅपटॉपच्या बॅगेत टाकली, जपानवालीला हो म्हटलं, ऑफिसातला एक मालवणी (‘‘धरणातलो मासो? शी!’’) आणि गाडीचा मालक असे आणखी दोघं गोळा केले आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पुणे सोडलं.

सकाळी सात, तेलगाव फाटा

तेलगाव नकाशावर शोधाल तर दोन रस्त्यांची फुली दिसेल. बीडहून परळीला जाणारा एक, माजलगावहून धारूरला जाणारा दुसरा. जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे आमचं गाव. चहाच्या टपऱ्या, टायरची दुकानं, एसटीची वाट बघणारी माणसं. बघण्यासारखं काही नाही, असं गावातलाच माणूस तुम्हाला सांगेल. पण बेस कॅम्प म्हणून याच्याइतकी सोयीची जागा नाही. उत्तरेला माजलगावचं धरण आणि त्यापुढे गोदावरी, दक्षिणेला बालाघाटचा डोंगर आणि धारूरचा किल्ला. दोन्ही दिशा एका दिवसात उरकतात.

हिवाळ्यात गावाची ओळख नाकाला आधी पटते. साखर कारखाना इथेच आहे, सुंदरनगरला. त्यामुळे गाळप चालू असलं की हवेत मळीचा गोडसर-आंबट वास. पुण्याच्या मंडळींनी नाकाला रुमाल लावले. मी मात्र लहानपणीची सहामाही परीक्षा आठवत उभा राहिलो.

काकांनी गरम धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी समोर ठेवली. ‘‘रात्री किती वाजता पोहोचलाव? झोप झाली का नीट?’’ सगळ्यांची विचारपूस झाली. फाइलचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

पाण्याला खेटून

माजलगाव धरणाचा फुगवटा पहिल्यांदा दिसतो तेव्हा माणूस गप्प होतो. आमच्या गाडीतही तेच झालं. उसाच्या हिरव्या फडांमधून रस्ता वळतो आणि समोर एकदम निळं पाणी. २०२५ चा पावसाळा मराठवाड्याला नको इतका झाला, सप्टेंबरात पुराने शेतं धुऊन नेली. त्याचंच हे उरलेलं वैभव. सकाळच्या उन्हात पलीकडचा काठ धुक्यात विरघळलेला. काठावर बगळे, खडकावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे आणि दूर थर्माकोलच्या तराफ्यावर एकटाच जाळं ओढणारा माणूस. एवढ्याशा तराफ्यावर तो उकिडवा कसा बसतो आणि बुडत कसा नाही, हे कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही.

‘‘हे सगळं एका नदीचं पाणी?’’ जपानवाली.

इथे खरी गंमत आहे. नदी सिंदफणा. पाटोद्याकडच्या डोंगरात उगवते, उन्हाळ्यात पायात चप्पल घालून ओलांडावी अशी. तिच्यावर हे मातीचं धरण १९८७ साली पूर्ण झालं. भिंतीची लांबी जवळपास साडेसहा किलोमीटर. सकाळचा मॉर्निंग वॉक एका फेरीत तेरा किलोमीटरचा होईल! पोटात सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, म्हणजे १६ टीएमसी. आता एवढं पाणी एकटी सिंदफणा कुठून आणणार? म्हणून पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालत इथवर आणलाय. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींनी. माजलगाव हा त्याच योजनेचा पुढचा टप्पा. थोडक्यात, पाऊस नाशिकला पडतो, जायकवाडी भरतं आणि वर्ष बरं असेल तर त्यातला घोट आमच्यापर्यंत पोचतो. बीड शहर पितं ते पाणीही इथलंच.

आणि वर्ष बरं नसेल तर? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आठवत असेल. तशा वर्षांत माजलगावही मृतसाठ्यात जातं. मग हाच तळ उघडा पडतो, भेगाळतो आणि जवळपासचे शेतकरी त्या गाळात पेरणी करतात. गाळपेरा म्हणतात त्याला. धरणासाठी उठवलेल्या वस्त्यांच्या जुन्या खुणा पाणी हटलं की वर येतात. माझ्या आजीचं माहेर असंच पाण्यात गेलं होतं. पाणी फार उतरलं की ती कुणालातरी गाडी काढायला लावायची, काठावर उभी राहायची आणि नुसतं बोट दाखवायची. ‘‘तिथं आमची विहीर होती. तिथं चिंच.’’ आम्हा पोरांना चिखल दिसायचा.

हे मी सांगून टाकलं आणि मग आपणच ट्रिपचा मूड घालवला की काय, असं वाटलं. पण जपानवाली पाण्याकडे बघत म्हणाली, ‘‘कुठल्या बाजूला?’’ मी बोट दाखवलं. अंदाजानेच.

एक सूचना, सीरियसली. पाणी शांत दिसतं म्हणून पोहायला उतरू नका. तळ खोल आहे, चिखल आहे, जाळी आहेत. या पाण्याने पट्टीचे पोहणारेही नेलेत. पाय बुडवा, सेल्फी काढा, बस्स.

मासे मात्र खा. धरणाच्या आसपास आणि माजलगावच्या रस्त्यावर फ्राय करून देणारी साधी हॉटेलं आहेत. रोहू, कटला, वर तिखट मसाल्याचा जाड थर, सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. मालवणीने पहिला तुकडा तोंडात टाकला, चेहरा निर्विकार ठेवला. दुसरी प्लेट मागवताना म्हणाला, ‘‘मसाल्यामुळे खातोय, माशामुळे नाही.’’ आम्ही रेकॉर्ड करून ठेवलंय.

देवळाला पाण्याचा वेढा

तिथून गोदावरीकडे. सिंदफणा गोदावरीला मिळते ते गाव मंजरथ. संगमावर पिंडदानाला आलेली दोन-तीन कुटुंबं होती, म्हणून कॅमेरे बॅगेतच ठेवले आणि पुढे निघालो.

गंगामसला मात्र सोडू नका. गणपतीच्या एकवीस पीठांपैकी हे एक. चंद्राने गणपतीला हसून शाप ओढवून घेतला, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या चंद्राने उःशापासाठी तप केलं ते इथे, अशी श्रद्धा. म्हणून हा भालचंद्र. देऊळ अगदी गोदावरीच्या पात्रात आहे. पूर आला की चारी बाजूंनी पाणी. जानेवारीत आम्ही पायीच गेलो, पण जपानवालीला पुरातलं देऊळ डोळ्यांपुढे आणायला वेळ लागला नाही. हिरोशिमाजवळ मियाजिमा नावाचं बेट आहे, तिथल्या इत्सुकुशिमा मंदिराचं लाल तोरण भरतीला समुद्रात उभं असतं. जगभरचे टूरिस्ट त्यासाठी जातात. ‘‘इथे तिकीट नाही, गर्दी नाही, फक्त आपण!’’ असं ती म्हणाली तेव्हा शेजारी बसलेल्या आजीबाईंनी तिला जागच्या जागी करेक्ट केलं. ‘‘चतुर्थीला ये मग, बघ गर्दी.’’

पुरुषोत्तमपुरीला पोचायला दुपार झाली. अधिक महिन्याचा देव तो पुरुषोत्तम, त्यामुळे इतर वेळी हे गोदाकाठचं गाव शांत आणि अधिक मासात मुंगीला शिरायला जागा नाही. २०२३ साली अधिक श्रावणात तेच झालं. याच महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. आमच्या गाडीचा मालक नवीनच जावई झालाय. त्याने लगेच कॅलेंडर उघडलं.

इतिहासवाल्यांसाठी हे गाव म्हणजे खजिना. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा ताम्रपट इथलाच. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला. राजाने आपला मंत्री पुरुषोत्तम याला दिलेल्या दानाचा तो लेख. देवगिरीवर तोवर खिलजीची धाड येऊन गेली होती, राज्य मांडलिक झालं होतं, तरी कागदपत्रं (तांबेपत्रं म्हणा!) अशी चोख. देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात असं गावात कुणीही सांगेल. थट्टा करू नका. तेलंगणातलं रामप्पा मंदिर २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथेही अशाच हलक्या, सच्छिद्र विटा वापरल्यात.

‘लोक कुठे आहेत?’

परतताना आम्ही आतल्या रस्त्याने आलो आणि तिथे तो प्रश्न आला, ज्याची मला सकाळपासून धास्ती होती.

एक वस्ती लागली. घरं पक्की, काहींना नवा रंग. पण ओळीने कुलपं. एका दाराला कडीत काटेरी फांदी अडकवलेली, शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून. ओट्यावर एक म्हातारा, मांडीवर नातू. बाकी शुकशुकाट. जपानवालीने काच खाली केली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘हे तर माझ्या फोटोसारखंच आहे. लोक कुठे आहेत?’’

कुठे म्हणजे? कोयत्यावर.

ऑफिसात बसून आपण ‘ग्रीन टीला साखर नको’ म्हणतो, त्या साखरेची ही दुसरी बाजू. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, पहाटे थंडीत तोड, रात्री-अपरात्री गाडी भरणं. लहान लेकरं सोबत जातात, शाळेतली आजी-आजोबांकडे किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात. आणि तेलगावला स्वतःचा कारखाना असूनही हे होतं, कारण एका कारखान्याने किती हातांना काम द्यायचं? पाऊस बेभरवशाचा, जमीन थोडी. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मुलगा माझ्यापेक्षा गणितात हुशार होता. मी पुण्याला आलो, तो कोल्हापूरकडे जातो. दोघंही गाव सोडूनच आहोत म्हणा, पण माझा पीएफ कापला जातो.

हे सगळं गाडीत बोलून झाल्यावर कुणी काही म्हटलं नाही. मालवणीने गाणी लावली नाहीत, हे विशेष.

मग चढणीला लागलो. धारूरचा घाट अरुंद आहे, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून आले की पोटात गोळा येतो. वळणावर ओव्हरटेकची हुशारी नको. वर मात्र हवाच बदलते. डोंगरउतारावर सीताफळाची झाडं, पानं झडून गेलेली. ऑक्टोबरात आलात तर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका रस्त्यालगत भेटतील; बीडच्या सीताफळाला २०१६ साली जीआय टॅगही मिळालाय.

धारूरचा किल्ला सोळाव्या शतकातला, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखानाने बांधलेला. तीन बाजूंना दरी, चौथ्या बाजूला खंदक. १६३१ साली मुघलांनी तो घेतला, पुढे गावाला फत्तेहाबाद असं नावही पडलं. आता सरकारी रेकॉर्डवर गावाचं नावच किल्ले धारूर. तटावर बाभळी माजल्यात, काही ठिकाणी डागडुजी झालीय, काही ठिकाणी बुरूज ढासळतोय. सिंहगडासारखी कांदाभजी नाहीत, पाण्याची बाटली बरोबर न्या. आम्ही तटावर बसलो तेव्हा सूर्य खाली आला होता. पायाखाली दरी, पुढे सगळा सपाट मुलूख, उसाचे चौकोन आणि उत्तरेकडे कुठेतरी ते धरण. जपानवालीने फोन काढला, फोटो काढला आणि फोन परत ठेवून दिला. तिच्या बाबतीत ही बातमी आहे.

रात्री काकांकडे भाकरी, पिठलं, ठेचा. जेवताना तिनेच विषय काढला. जपानमधल्या कुलूपबंद घरांबद्दल सांगितलं, आकिया बँकेबद्दल सांगितलं. काकांनी लक्ष देऊन ऐकलं.

‘‘मग त्या घरांच्या किल्ल्या कुणाकडं असतेत?’’

तिला माहीत नव्हतं. ‘‘ऑफिसात असतील, काका.’’

‘‘आमच्याकडं शेजाऱ्याकडं असतेत,’’ काका म्हणाले आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे मान केली. तिथे सुतळीत ओवलेल्या किल्ल्यांचा झुबका लटकत होता. ‘‘आता पाडव्याच्या पुढं-मागं येतेत समदे. घरं झाडून ठिवावी लागतेत. ह्यातली एक तुमच्याच घराची हाय, बाबा.’’ हे माझ्याकडे बघून.

फाइल बॅगेतच होती. काकांनी ताट बाजूला सारलं. ‘‘मग? व्यापाऱ्याला काय सांगू?’’

‘‘पाडव्यानंतर बघू का?’’

‘‘मला काय, तवर झाडून ठिवतो,’’ काका म्हणाले आणि जपानवालीला आणखी एक भाकरी वाढली.

कसं जाल, काय खाल?

पुण्याहून अहिल्यानगर-बीडमार्गे तेलगाव सुमारे ३०० किलोमीटर, गाडीने सहा-सात तास. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघा, शनिवार फिरा, रविवारी परत. बीडपर्यंत रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, पण अहिल्यानगरहून. आणि पुढचा प्रवास एसटीनेच धरा. दिवसभराच्या फिरण्यासाठी स्वतःची गाडी हवीच, आतल्या रस्त्यांवर बसची वाट बघण्यात दिवस जाईल. मुक्कामाला माजलगाव किंवा बीड बरं. तेलगावात ओळखीचं घर असेल तर प्रश्नच मिटला. डिसेंबर-जानेवारीत हुरडा मिळतो, विचारायला लाजू नका. मे महिना टाळा. आणि घाटात समोरून उसाची ट्रॉली आली तर आपण थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. त्याच्या मागे वजन आहे.